मृगापासून मृगापर्यंत : तुमच्या दारात काय आलं?

ओसरी | ८ जून

काल संध्याकाळी पुण्यात आमच्या भागात पहिला नीट पाऊस झाला. रात्री साडेआठला जिन्यातल्या ट्यूबलाइटभोवती पंख फुटलेल्या वाळव्यांचा हा गराडा! दिवा मालवला, दार ओढून घेतलं आणि वहीत लिहिलं : '७ जून. मृग. पहिला मोठा पाऊस. वाळवी उडाली.' गेल्या वर्षी हीच नोंद १० जूनची आहे. त्याच्या आदल्या वर्षी पाऊस लांबला होता, तेव्हा २४ जूनची.

मी तळमजल्यावर राहते. मागच्या बाजूला कुंपणाच्या भिंतीलगत दहा-बारा पावलांची मातीची पट्टी आहे. तिथे एक कागदी लिंबू, एक कढीपत्ता, एक तगर, कुणी न लावता आलेली रुई आणि भिंतीवर पावसाळ्यात धरणारं शेवाळ. सहा वर्षं मी रोज सकाळी चहा घेऊन एवढीच जागा बघते. जंगलात जायला मला जमत नाही, गुडघे साथ देत नाहीत. पण या पट्टीत जे येतं-जातं त्याची वही भरते आहे आणि दरवर्षी काही तरी नवं सापडतं.

वहीत तारखेशेजारी नक्षत्राचा रकाना आहे. तो माझ्या आजीमुळे. सातारकडच्या आमच्या गावी तिचा पावसाळा नक्षत्रांवर चालायचा. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. 'मृगाचा किडा दिसला का रे?' हा प्रश्न ती शेतावरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची. तेव्हा मला ती नुसती सवय वाटायची. आता कळतं, ती नोंदच ठेवत होती, फक्त कागदावर नव्हे.

आज सकाळचं सांगते. ओट्यावर पंखांचा सडा होता आणि पंख गळालेल्या वाळव्या जोडीजोडीने चालत होत्या. पुढे मादी, तिच्या पाठीला जवळजवळ चिकटून नर. मादी थांबली की तो थांबे. अशी एखादी जोडी ओल्या मातीत शिरते आणि नवं घर मांडते. हजारांतल्या फारच थोड्यांना ते साधतं, कारण तोवर कोतवाल, साळुंक्या, पाली, बेडूक, मुंग्या सगळेच जेवायला आलेले असतात. आज आमच्या भिंतीवरचा दयाळ इतका खात होता की शेवटी नुसता बसून राहिला.

तर विनंती अशी : प्रत्येकाने आपली एक जागा धरायची. गॅलरी, बांध, विहिरीचा काठ, शाळेचं पटांगण, काहीही. आणि वर्षभर इथे लिहायचं. नाव माहीत नसलं तरी चालेल. कुठे, कधी, कोणत्या झाडावर आणि काय करत होतं, एवढं लिहा. नाव नंतर सापडतं, ती वेळ मात्र पुन्हा सापडत नाही.

पाणवठा | ८ जून

ताई, मी आहे. माझी जागा म्हणजे अकोले तालुक्यातल्या आमच्या घरामागचा ओढा आणि त्यावरचे हिरडे, बेहडे, जांभळं.

आमच्याकडे आता काजव्यांचे शेवटचे दिवस आहेत. मेच्या अखेरीस सुरू होतात, पाऊस जोरात लागला की संपतात. तुमच्यापैकी बरेच जण भंडारदऱ्याकडे ते बघायला आले असतील. पण काजव्याचं खरं आयुष्य त्या पंधरवड्यात नसतं. तो कितीतरी महिने अळी म्हणून ओल्या पाल्यात राहतो आणि गोगलगायी खातो. चपटी, खवल्याखवल्यांची अळी, शेपटाशी बारीक उजेड. मी ती गेल्या ऑगस्टमध्ये ओढ्याच्या दगडावर तिच्याहून मोठ्या गोगलगायीला धरलेली पाहिली. झाडावर लुकलुकणारे ते हेच. त्यांना आता जोडीदार शोधून अंडी घालायची असतात, आणि त्यासाठी उरलेले दिवस मोजकेच.

म्हणून मोटारीचे दिवे, मोबाइलच्या विजेऱ्या यांचा मला राग येतो. त्या उजेडात नराचा संदेश मादीपर्यंत पोचत नाही. आणि माद्या बऱ्याचदा खाली गवतात असतात, पायवाट सोडून चालणाऱ्याच्या बुटाखाली. यायचं असेल तर जरूर या, पण अंधारात बसा. दहा मिनिटांत डोळ्यांना सवय होते.

चिंचपाणी | ११ जून

आम्ही ठाण्यात, तिसरा मजला. जागा म्हणजे गॅलरीतल्या नऊ कुंड्या आणि खालची बाग. मुलगा आठ वर्षांचा आहे, वही त्याचीच असणार.

त्याला काल बागेत मखमलीचा लाल किडा सापडला, मसुराएवढा. हात लावला की पाय पोटाशी घेऊन गप्प पडून राहतो. हाच का ओसरीताईंच्या आजीचा मृगाचा किडा? आणि मुलाचं म्हणणं आहे की याला आठ पाय आहेत, मग हा किडा कसा?

पाणवठा | ११ जून

शाबास त्याची! तो मृगाचाच किडा, आणि कीटक मुळीच नाही. कीटकाला सहा पाय. हा कोळी-विंचवांच्या गोतातला, गोचिडाचा जवळचा भाऊबंद. वर्षाचा बहुतेक काळ मातीत काढतो आणि पहिल्या पावसात थोडे दिवस वर येतो. याची पिल्लं नाकतोड्यासारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून वाढतात. तेव्हा त्यांना सहाच पाय असतात, हे मुलाला जरूर सांगा. मोठा झाला की बारीक कीटक आणि त्यांची अंडी खातो.

पकडून डबीत ठेवू नका. औषधी तेलासाठी हे गोळा करून विकतात, आणि आमच्या बाजूला पूर्वी शेतात लाल ठिपके पसरलेले दिसायचे तसे आता दिसत नाहीत.

मांडवीतीर | १६ जुलै

थोडा उशिरा आलो. फोंड्याजवळ राहतो, जागा म्हणजे कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वरच्या अंगाची रोयण. रोयण म्हणजे आमच्याकडे वारूळ.

ओसरीताईंनी वाळवीने सुरुवात केली ते फार आवडलं, कारण आमचा पावसाळा वाळवीच्याच जिवावर चालतो! गेल्या आठवड्यात रोयणीवर अळमी (अळंबी) उगवली. पावसाळ्यात गोव्यात रस्त्याकडेला पानांच्या पुड्यांत मिळतात ती ही. पुष्कळांना वाटतं, ती वारुळावर योगायोगाने उगवतात. तसं नाही. वाळवी आत बुरशीची शेती करते. बाहेरून लाकूड-पाचोळा चावून आणते, त्याचे स्पंजासारखे जाळीदार गोळे रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. लाकडातलं जे वाळवीला पचत नाही ते बुरशी पचवते आणि मग वाळवी तो गोळा खाते. पावसात त्याच बुरशीला जी छत्री फुटते, ती आपल्या ताटात येते. या अळम्यांची लागवड माणसाला साधलेली नाही, वाळवीला ती केव्हापासून येते.

माझी आई रोयणीवरची सगळी अळमी कधीच काढायची नाही. फुललेली, छत्री उघडलेली तशीच ठेवायची. वारुळाला काठीही लावू द्यायची नाही. आता लोक उमलायच्या आधीच कळे उपटून नेतात, रोयण खणतात. छत्री उघडलीच नाही तर बीजाणू पडणार कुठून? दोन वर्षांपूर्वी आमच्या वरच्या रोयणीचं कुणीतरी असंच केलं. तिथे त्यानंतर एकही उगवलेलं नाही.

अळम्यांच्या शागुतीची (रश्श्याची) पाककृती कुणी विचारलीच तर देईन, पण आधी ही गोष्ट सांगायची होती.

ओसरी | १६ जुलै

मांडवीतीर, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. वाळवी म्हटलं की मला आजवर दाराची चौकटच आठवायची. आता रोयण आठवेल.

चिंचपाणी | २८ जुलै

मदत हवी आहे. घरात रडारड चालू आहे.

आमच्या कुंडीतल्या तगरीवर बारा दिवसांपूर्वी हिरवी अळी दिसली. बोटाएवढी जाड, डोक्यामागे दोन निळे-पांढरे डोळ्यांसारखे गोल, शेपटीला बारीक शिंग. मुलगा रोज पट्टीने मोजत होता. पान देठापर्यंत खाई. काल सकाळी तिने खाणं सोडलं. रंग काळपट तपकिरी पडला. संध्याकाळी कुंडीच्या मातीवर फिरत होती, आज नाही. मेली का? मी परवा कुंडीत खत घातलं होतं. माझ्या हातून झालं का हे?

पाणवठा | २८ जुलै

ताई, रडू नका म्हणावं. ती मेलेली नाही, आणि खताचाही दोष नाही. तगरीवर आणि कण्हेरीवर वाढणाऱ्या मोठ्या हिरव्या पतंगाची ती अळी. पूर्ण वाढली की तिचा हिरवा रंग जातो, मातकट होते आणि झाडावरून उतरून पाल्याखाली किंवा मातीशी कोष करायला जागा शोधते. हिरवं अंग पानांत लपायला, मातकट अंग मातीवरून चालायला. ते डोळे खरे नाहीत, नुसत्या खुणा. पक्षी आला की ती पुढचा भाग फुगवते आणि खुणा उघडते.

कुंडीत वाळलेली पानं पडू द्या. ती झाडू नका. पाणी बेताने घाला. दोन-तीन आठवडे वाट बघा.

ओसरी | २९ जुलै

माझ्या तगरीवर हीच असते. पहिल्या वर्षी मलाही कळलं नव्हतं आणि मी त्या पट्टीतला पाला रोज गोळा करून फेकत होते. किती कोष कचऱ्याच्या गाडीतून गेले असतील! चौथ्या वर्षी पाला ठेवायला लागले, तेव्हा संध्याकाळी तो हिरवा पतंग भिंतीवर बसलेला पहिल्यांदा दिसला. पंखांवर हिरव्या-गुलाबी लाटा असतात, संगमरवरासारख्या.

एक बघा : तगर, कण्हेर, रुई, तिघी एकाच कुळातल्या. पान तोडलं की चीक येतो. बकरी तोंड लावत नाही, पण या अळ्यांना तेच लागतं.

वर्धाकाठ | ९ ऑगस्ट

सगळं वाचून काढलं. छान चाललं आहे. पण मी दुसऱ्या बाजूने लिहिणार आहे, राग मानू नका.

आमची वरुडकडे संत्र्याची बाग आहे. ओसरीताईंच्या लिंबावर जी अळी वाढते तीच आमच्या नवतीवर (नव्या पालवीवर) पडते. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी, मोठी झाल्यावर हिरवी. फुलपाखरू सुंदर आहे, कबूल. पण रोपवाटिकेत एका आठवड्यात कलमांची पानं नाहीशी होतात आणि ती कलमं कर्ज काढून लावलेली असतात. नवतीवर कोळशी (रस शोषणारी काळी माशी) आली की पानं काळी पडतात, झाड खंगतं. 'फवारू नका' म्हणणं शहरात सोपं आहे, ताई.

ओसरी | ९ ऑगस्ट

राग कसला. तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. माझ्या एका लिंबाची दहा पानं जाण्याने माझं काही बिघडत नाही, तुमचं वर्ष बिघडतं. हा फरक मी विसरायला नको.

माझ्याकडे काय दिसतं ते फक्त सांगते. सगळ्या अळ्यांची फुलपाखरं होत नाहीत. गेल्या वर्षी सात कोष मोजले, फुलपाखरं दोनच निघाली. तिघांतून बारीक गांधीलमाश्या निघाल्या, कोषाला टाचणीएवढं भोक पाडून. उरलेले दोन बुलबुलाने नेले. हे काम करणाऱ्या बारीक माश्या तुमच्याकडेही असतील. सहा वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत सगळीकडे औषध मारलं गेलं, न विचारता. त्यानंतर भिंत दोन महिने मुकी होती. सगळ्यात आधी परत आला तो मावा. त्याला खाणारे ढालकिडे कितीतरी उशिरा आले.

वर्धाकाठ | १० ऑगस्ट

हे पटतं. ढालकिड्याची अळी तर आमच्याकडेही लोक शत्रू समजून चिरडतात, कारण ती दिसते भयंकर. काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी. मीही चिरडल्या आहेत. मागच्या वर्षी एकीला माव्यावर ताव मारताना बघितलं आणि हात थांबला.

माझ्यापुरतं सांगतो. मोठ्या झाडावर मी या अळीसाठी फवारत नाही, झाड सोसतं. कलमांवर सकाळी हाताने वेचतो. कोळशीला मात्र फवारावंच लागतं, पण वेळ साधून, अंडी फुटताना.

आणि एक गंमत, तुमच्या नोंदीत शोभेल अशी. फळं पिवळी पडायला लागली की रात्री एक पतंग येतो, मोठा, मागचे पंख नारिंगी. सालीत सोंड खुपसून रस पितो. भोकातून फळ सडतं आणि गळतं. आम्ही सांजेला बागेत कडुनिंबाचा पाला जाळून धूर करतो. पण या पतंगाची अळी संत्र्यावर वाढतच नाही! ती वाढते गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. म्हणजे बागेतलं नुकसान बांधावर जन्मतं. बाबांना हे कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते श्रावणात बांध फिरून वासनवेलीची पानं उलटीपालटी करत बसायचे. आम्ही समजायचो, म्हातारा औषध शोधतो आहे.

पाणवठा | १० ऑगस्ट

वर्धाकाठ, शेवटचा परिच्छेद मी माझ्या वहीत उतरवून घेतला.

चिंचपाणी | १७ ऑगस्ट

आला!!! आज पहाटे साडेपाचला मुलानेच बघितला. कुंडीच्या कडेला, हिरवा, अगदी संगमरवर. पंख अजून ओले होते. शाळेला दांडी.

वहीतली नोंद त्याच्या शब्दांत : 'झाड सोडून २१ दिवसांनी वर आला. मला वाटलं होतं छोटा असेल. बाबांच्या मुठीएवढा आहे.'

न्यूजर्सीकर | ७ सप्टेंबर

बऱ्याच दिवसांपासून नुसती वाचत होते. तगर-रुईचं वाचून राहवलं नाही.

इथे आमच्या अंगणात मिल्कवीड लावलं आहे. तीही चिकाचीच, रुईच्या कुळातली. तिच्यावर मोनार्क फुलपाखराच्या अळ्या असतात, पिवळ्या-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या. लहानपणी मिरजेला घरामागच्या रुईवर अशाच पट्ट्यांच्या अळ्या बघायची. इथली पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, ही इथे कशी आली? मग वाचलं की मोनार्क आणि आपल्या रुईवरचं नारिंगी प्लेन टायगर एकाच प्रजातीसमूहातली, सख्खी चुलत भावंडं म्हणा. दोघीही चिकातलं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी सोडून देतात.

या दिवसांत निघणारी मोनार्कची पिढी निराळी असते. ती लगेच अंडी घालत नाही, दक्षिणेला निघते, थेट मेक्सिकोच्या डोंगरांत. ज्या फुलपाखराने ते डोंगर कधी पाहिलेले नाहीत ते तिथे जातं. आमच्या राज्याच्या दक्षिण टोकाला केप मे आहे, तिथे शरद ऋतूत ती मोजतात. काल आमच्या अंगणातून एक गेलं. मी त्याला हात केला, शेजारीण बघत होती.

ओसरी | ८ सप्टेंबर

किती सुंदर लिहिलंत. माझ्या रुईवर आज तिघी अळ्या आहेत, तुमच्या मिरजेच्याच समजा.

प्लेन टायगर ओळखताना एक जपा. तिच्यासारखी हुबेहूब दिसणारी दुसरी एक असते. तिच्या अंगात विष नसतं, पण रूप घेतल्यामुळे पक्षी फसतो. ती फक्त मादी. तिचा नर अगदी वेगळा, काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके आणि त्यांना जांभळी-निळी झाक. यांची अळी घोळीच्या भाजीवर वाढते. मी दोन वर्षं या मादीला प्लेन टायगर म्हणून लिहीत होते. घोळीवर अंडी घालताना दिसली तेव्हा शंका आली. म्हणूनच म्हणते, कोणत्या झाडावर होती ते लिहा.

चिंचपाणी | १९ सप्टेंबर

विजेच्या बोर्डाशेजारी मातीचं घरटं झालं आहे. कुंभारीण ना? मुलगा म्हणतो, फोडून बघू. मी नको म्हणते.

पाणवठा | १९ सप्टेंबर

मडक्यासारखं गोल, वर अरुंद गळा आहे, की लांबट नळ्या शेजारी शेजारी लिंपल्या आहेत? गळ्याचं मडकं असेल तर आत अळ्या साठवलेल्या असतील, नळ्या असतील तर कोळी. दोन्हींत शिकार मेलेली नसते, डंखाने लुळी केलेली असते, म्हणजे पिल्लू मोठं होईस्तोवर नासत नाही. मडकेवाली तर अंडं छताला बारीक धाग्याने टांगते.

फोडू नका. बाहेर पडलेलं भोक दिसलं की मग रिकामं घरटं खुशाल फोडा.

ओसरी | १२ ऑक्टोबर

चित्रा लागलं. शेजारच्या मैदानावर संध्याकाळी चतुर, शेकड्यांनी. पिवळसर-तांबूस, एकही बसत नाही, सगळे छातीच्या उंचीवर फेऱ्या मारतात. मुलं त्यांच्यातून क्रिकेट खेळत होती. चार दिवसांपूर्वी एकही नव्हता.

पाणवठा | १३ ऑक्टोबर

ताई, ते बहुतेक भटके चतुर आणि त्यांचा प्रवास ऐकाल तर मैदानावरून हलणार नाही. पावसाळ्यात साचलेल्या डबक्यांत यांची पिल्लं वाढतात, डासांच्या अळ्या खातात. पाऊस संपताना मोठे होतात. मग ऑक्टोबरपासून मालदीवमध्ये लाखो चतुर उतरतात. त्या बेटांवर उघडं गोडं पाणी जवळपास नाहीच, म्हणजे ते तिथले नव्हेत. चार्ल्स अँडरसन नावाच्या तिथे राहणाऱ्या जीवशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं त्यांच्या येण्याच्या तारखा लिहून ठेवल्या आणि २००९मध्ये मांडलं की ते भारताकडून येतात आणि वाऱ्यावर स्वार होऊन समुद्रापार पूर्व आफ्रिकेत जातात, जिथे तेव्हा पाऊस असतो. जेमतेम साडेचार-पाच सेंटिमीटरचा जीव. जे जातात तेच परतत नाहीत, पुढच्या पिढ्या परततात.

लक्षात घ्या, याची सुरुवात एका माणसाने 'आज आले' असं लिहून ठेवण्यापासून झाली.

न्यूजर्सीकर | १३ ऑक्टोबर

अंगावर काटा आला.

ओसरी | २० डिसेंबर

दोन महिने इथे कुणी लिहिलं नाही. वहीतही पानंच्या पानं कोरी आहेत. थंडीत भिंत रिकामी होते. लिंबावर एक कोष आहे, नोव्हेंबरपासून तसाच. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत उघडतो, हा थांबला आहे. रोज बघते. सकाळी जाळ्यांवर दव असतं.

एक गोष्ट मनात सलते आहे. आमच्या पाण्याच्या टाकीखाली दरवर्षी या सुमारास आग्या मोहोळ बसतं. यंदा सोसायटीच्या बैठकीत ते जाळायचं ठरलं. मी एकटी विरोधात. लेकरं आहेत, भीती खरी आहे, हे मला मान्य आहे. पण आग्यामाश्या कायमच्या राहत नाहीत. फुलोरा संपला, पावसाळा आला की आपण होऊन जातात. रात्री धूर करून जाळलं. सकाळी खाली माश्यांचा थर होता. त्या ओंजळीने उचलून लिंबाखाली पुरल्या.

पाणवठा | २० डिसेंबर

वाईट वाटलं ताई. पुढच्या वर्षी आधीच बोला, न जाळता मोहोळ हलवणारी माणसं असतात. पुण्यातच १९६२पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर तर २०२२पासून 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं. माश्या राखून घर चालवणारी घरं आहेत तिथे. सोसायटीला ते उदाहरण दाखवा.

आग्या मोहोळाजवळ गांधीलमाशी आली की काय होतं, कुणी बघितलं आहे? पोळ्यावरच्या शेकडो माश्या एकामागून एक पोट उचलतात आणि पोळ्यावरून लाट धावते. लांबून बघायचं, अर्थात.

सागरगोटा | २६ जानेवारी

रत्नागिरीहून. आमच्या हापूसला मोहोर आला आहे आणि बागेत गुणगुण सुरू झाली आहे.

लोकांना वाटतं, मोहोरावर मधमाश्या असतात. असतात, पण थोड्या. आंब्याच्या परागीभवनाचं खरं काम माश्या करतात. साध्या, घरात येतात तसल्या, निळ्या-हिरव्या चमकणाऱ्या, आणि फुलमाश्या. माझे आजोबा मोहोराच्या दिवसांत कलमांखाली मासळीची घाण टाकायचे. आम्ही नाक धरून पळायचो. आता त्यामागचं कारण कळतं.

पण तुडतुडे मोहोर शोषतात, त्यांच्या चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि सगळा घोस करपून जातो. त्यांच्यासाठी फवारलं की माश्याही जातात. वर्धाकाठ, तुमचं दुखणं तेच आमचं. मी या वर्षीपासून पूर्ण फुललेल्या मोहोरावर फवारणी बंद केली आहे. जे काय करायचं ते फुलण्याआधी. फळ किती धरतं ते एप्रिलमध्ये सांगेन. भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

वर्धाकाठ | २७ जानेवारी

सांगाच. मी वाट बघतो.

ओसरी | ११ फेब्रुवारी

कोष उघडला. नव्वदच्या वर दिवस थांबला होता. सकाळी सव्वानऊला लिंबाळी ऊन खात बसली होती, पाच मिनिटांत भिंतीपलीकडे गेली. कढीपत्त्याला कालच नवी पालवी आली आहे.

पाणवठा | २२ मार्च

ओढ्यावरचा उंबर लगडला आहे. 'उंबराचं फूल' म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट. खरं तर फुलं शेकड्यांनी असतात, पण फळाच्या आत. ती बघायला एकच येते. तांदळाच्या कणीहून लहान माशी तळाच्या बारीक दारातून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. ती आत पराग टाकते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिल्लांतले नर बिनपंखी. ते फळाची भिंत पोखरून वाट काढतात आणि बाहेरचं जग न बघता आतच संपतात. माद्या त्या वाटेने पराग घेऊन दुसरा उंबर शोधायला निघतात.

आज एक फळ उघडून तासभर बसलो. हातावर त्या येऊन क्षणभर थांबायच्या, मग वाऱ्यावर जायच्या. हरोळ्या आणि तांबट वर खात होते.

मांडवीतीर | २३ मार्च

आमच्याकडे काजू उतरतात आणि हुमले (झाडावरच्या लाल मुंग्या) कडकडून चावतात, एवढीच माझी मार्चची नोंद. पण त्यांचं घरटं बघा. शंभरेक मुंग्या साखळी करून दोन पानं जवळ ओढतात आणि दुसऱ्या मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून शिवण घालतात. रेशीम अळीच्या तोंडून येतं, मोठ्या मुंगीला ते काढता येत नाही.

सागरगोटा | ३० एप्रिल

सांगतो म्हटलं होतं. ज्या वीस कलमांवर फुलल्यानंतर फवारलं नाही त्यांतल्या चौदांवर फळ चांगलं आहे, बाकीच्या बागेइतकंच. चार कलमांवर तुडतुड्यांनी मोहोर जाळला. दोन तशीही यंदा आली नसती. घरात सगळे खूश नाहीत. पुढच्या वर्षी तीस कलमं ठेवणार आहे.

आणि हो, आंबे काढताना ओंबील (मांडवीतीर म्हणतात ते हुमले) फार होती. जिथे ओंबीलीची घरटी जास्त तिथे तुडतुडे कमी वाटले. वाटले एवढंच म्हणतो. यंदा मोजलं नाही, पुढच्या वर्षी मोजेन.

चिंचपाणी | २७ मे

मुलाची वही संपली. दुसरी आणली, तिच्यावर त्याने आपल्या हाताने 'नक्षत्र' असा रकाना आखला आहे. खालच्या बागेतला तगरीखालचा पाला झाडू नका म्हणून झाडणाऱ्या मावशींना सांगून आला. मावशी म्हणाल्या, त्यांच्या गावी त्या हिरव्या अळीला भुताची अळी म्हणायचे. आता त्या स्वतःच पानं उलटून बघतात आणि सापडली की त्याला हाक मारतात.

मांडवीतीर | ५ जून

फोंडा. काल रात्री पाऊस. रोयणीतून वाळवी उडाली, पहाटे चार वाजता. वीज गेलेली होती, कंदिलाच्या उजेडात बघितली.

सागरगोटा | ६ जून

रत्नागिरी. आज.

पाणवठा | ७ जून

अकोले. पाऊस आहे, उडाली नाही. काजवे तीन झाडांवर उरले आहेत.

ओसरी | ८ जून

पुणे. आज संध्याकाळी सव्वासातला. दिवा मालवून जिन्यातच बसले आहे. जाळल्यानंतर टाकीखाली मोहोळ पुन्हा आलंच नाही. दयाळ मात्र आला आहे, आणि त्याच्यासोबत एक पिल्लू.

वरुडकडे काय?

वर्धाकाठ | ८ जून

आमच्याकडे अजून कोरडं आहे. गेल्या आठवड्यात वळवाचा एक शिपका आला होता, तेव्हा हुमणीचे भुंगेरे बांधावरच्या बाभळीवर आले, तेवढेच. आज पश्चिमेला ढग आहे. टॉर्च न घेता बांधावर जाऊन बसतो.